खुशालरावांची भाकर

हिवरखेड, ३ जानेवारी २००५

चि. गीतांजलीले आजीचे पोटभर आशीर्वाद.

आधी आली शेजारची नसीमबानो, तिच्या मागून तिची कोंबडी. हातात अकोल्याहून आणलेली उखाण्यांची चोपडी. सातव्या पानावर माया उखाणा!

दोडक्याच्या वेलाले बाभळीचा आधार,
…रावांच्या हातची भाकर चवदार.

खुशालरावांच्या जागी नुसते टिंब! तुया बापाच्या वक्ती मी बाळंतीण, तं तुया आबानं भाकर केली. गाव हासलं, म्हणून मी हे जोडलं. आता ज्यानं चूल पाहिली नाही, त्याचीबी भाकर चवदार! आबा जाऊन चार वर्षं झाले. विधवेले कोण उखाणा मागते? त्याचं नाव त्या ओळीतच होतं, तेबी खोडलं. वरून छापलं, सर्व हक्क देवीदास छापखानेवाल्याचे. तू वकिली शिकून राहिली, सांग, हे त्याचं कसं झालं?

कापूस बुडाला, वांगे बरे आहेत.

तुयी आजी पार्बताबाई


अमरावती, ९ जानेवारी

ती. आजी, पाया पडते.

तुझं पत्र होस्टेलभर फिरलं. आमचे सर सांगतात, एका जुन्या विलायती विचारवंताचं म्हणणं, ज्यात आपली मेहनत मिसळली ते आपलं. दुसरा म्हणे, ज्यात आपला जीव उतरला ते आपलं. तिकडे पूर्वी पुस्तकाचा हक्क छापणारेच दाबून बसत. तीनशेक वर्षांमागे कायद्यानं तो लिहिणाऱ्याला दिला, चौदा वर्षांपुरता. मग पुस्तक सगळ्यांचं. देवीदासला नोटीस धाडू का?

तुझी गीता


हिवरखेड, १७ जानेवारी

चि. वकिलीणबाईले आशीर्वाद.

नोटीस पेटीत ठेव. मेहनतीनं वस्तू आपली होते, तं जलमभर दुसऱ्याचं वावर निंदणाऱ्या पुंजाबाईचं ते काहून नाही झालं? विचारजो सरले. दुसरा माणूस मले पटला.

काल देवीदासच आला, बायकोले घेऊन. नसीमबानोनं छापखान्यात जाऊन त्याले झाडलं होतं. तो म्हणे, उखाणे साऱ्यांच्या तोंडी, मालक कोण? मी म्हटलं, वालाचं बियाणं मागणारीले आमी मूठभर देतोच. पण लावणारी सांगते, हे पार्बताबाईच्या घरचं. तेवढं छाप. उखाणा साऱ्यांचा, भाकर खुशालरावांची. छापतो, म्हणे तो.

त्याची बायको म्हणे, लग्नात मी हाच उखाणा घेतला, पण यानं अजून भाकर नाही केली. मग काय! बसवलं त्याले चुलीपाशी. भाकरीचा नकाशा झाला, तिनं अख्खी खाल्ली. जाताना माया हात धरून म्हणे, तुमच्या सूनबाईच्या हळदीकुंकवाले आमी नवी चोपडी आणतो, पहिलं नाव तुमी घ्यायचं.

मी कालपासून पाठ करून राहिली, जशी नवी नवरी. तू येजो, आजीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुयी आजी

ता. क. रथसप्तमीले येतो म्हणाले दोघं. पंधरा फेब्रुवारी, मंगळवार.