मंदिर नव्हे, राहते घर असल्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक साहेब,
शहर आराखडा हरकत कक्ष,
महाराणा प्रताप नगर, भोपाळ

विषय : विकास आराखड्याच्या मसुद्यात माझे राहते घर 'मंदिर व सार्वजनिक सभागृह' असे दाखवले आहे, ते पुन्हा घर करून मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन हिंदी अर्ज. दोहोंवर 'देखा' असा शेरा आहे.

महोदय,

मी, नीळकंठ किबे, मूळचा इंदूरचा, पिपलानीच्या कारखान्यातून निवृत्त. आपल्या दारावरच्या पाटीवरून आपण मराठी असल्याचे आणि आपल्या शिपायाकडून उज्जैनचे असल्याचे समजले, म्हणून हा तिसरा अर्ज मराठीत करण्याचे धाडस करीत आहे. हिंदी प्रत जोडली आहे. ती कार्यालयासाठी ठेवावी, ही आपण घरी नेऊन चहासोबत वाचावी.

१. कारखान्याचे क्वार्टर सोडून आम्ही पिपलानीच्या पुढे माळावर घर बांधले, तेव्हा शहर इथवर यायला आमचा जन्म जाईल असे सगळे म्हणत. शहर माझ्या निवृत्तीच्या आधीच येऊन धडकले. येताना पाणी आणि बस मागे विसरले, पण त्याबद्दल हा अर्ज नाही. मसुद्याच्या प्रदर्शनात मी आमच्या भागाचा नकाशा पाहिला. रुंद रस्ता, कडेने झाडे, पुढे बाग, बागेत तळे. अशा ठिकाणी राहायला मिळावे असे मनापासून वाटले. नंतर लक्षात आले की मी तिथेच राहतो. तूर्त तिथे नाला आहे आणि टँकरची वाट पाहणारी माणसे आहेत.

२. आता मूळ चुकीविषयी. वसाहतीचा गणपती दरवर्षी आमच्या अंगणात बसतो. गेल्या वर्षी मंडळाने बांबू आणि कापडाचे उंच शिखर उभारून मंदिराची झाँकी केली होती, वर भगवा झेंडा. नेमके त्याच दिवसांत आराखड्यासाठी ड्रोन फिरले. त्यानंतर पाहणीसाठी एका खाजगी संस्थेचे दोन तरुण आले आणि त्यांनी ही जागा कोणाची, असे विचारले. पाहुणा दारात उभा असताना आपण मराठी माणसे जे म्हणतो तेच मी म्हणालो, की घर आपलेच आहे, केव्हाही या. त्यांनी दोन दोन मोदक खाल्ले आणि मालकीच्या रकान्यात 'सार्वजनिक' लिहिले. अनंत चतुर्दशीला विसर्जन झाले, दुसऱ्या दिवशी मांडववाला शिखर गुंडाळून घेऊन गेला. आपल्या नकाशावरून मात्र ते अजून उतरलेले नाही.

३. परिणामी आमच्या पायरीवर अनोळखी माणसे नारळ ठेवून जातात. भोंग्याचा आवाज मर्यादेत ठेवावा, अशी 'मंदिर व्यवस्थापक' या नावाने मला नोटीस आली आहे. आमच्या घरात आवाज करणारी वस्तू म्हणाल तर एक मिक्सर आहे. गेल्या महिन्यात शिवाजी नगरातून एक कुटुंब मुलीच्या लग्नासाठी सभागृह बघायला आले. त्यांची समजूत घालता घालता मी त्यांना पोहे दिले. त्यांना जागा पसंत पडली, आणि निघताना त्यांनी गाड्या कुठे लावायच्या असे विचारले. शेजारचे मधुकरराव रोज सकाळी कुंपणावरून आरतीची वेळ विचारतात. ते चेष्टेने विचारतात हे मला कळते, पण रोज विचारतात.

४. इथवर मी हसून घेतले असते. परंतु मार्चमध्ये माझी पत्नी सौ. मंदाकिनी जिन्यात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला आहे. आमची झोपायची खोली आणि न्हाणीघर वर आहे. खाली नुसता लांबरुंद हॉल, ज्यात गणपतीत महाप्रसादाच्या पंगती बसतात. म्हणून अंगणाच्या बाजूला एक खोली आणि न्हाणीघर बांधण्याची परवानगी मागितली. ती नामंजूर झाली. खिडकीवरचे बाबू सज्जन आहेत, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "अंकल, मंदिर में बेडरूम कैसे पास कर दें?"

दवाखान्यातून आणल्यावर तिला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेले, तेव्हापासून ती वरच आहे. इतकी वर्षे सगळ्या वसाहतीला मोदक करून वाढणारी बाई दिवसभर खिडकीशी बसून रस्ता बघते, आणि तरकारीवाल्याशी वरूनच घासाघीस करते. मला त्याचे फार वाईट वाटते, साहेब. बाप्पा आमच्याकडे दहा दिवसांचे पाहुणे. आपल्या नकाशात पाहुणे कायमचे राहिले आणि घरची बाई कुठेच नाही. शहर वाढावे, रस्ते रुंद व्हावेत, आमचे काही म्हणणे नाही. पण त्यात तिच्यापुरती एक खोली बसवावी.

५. सबब विनंती की, माझे घर नकाशात घर म्हणून दाखवावे व खोलीची परवानगी द्यावी.

हे शक्य नसल्यास माझी हरकत मागे घेऊन मी मंदिर मान्य करतो. मात्र सार्वजनिक इमारतीत चालता न येणाऱ्यांसाठी उतार आणि तळमजल्यावर स्वच्छतागृह हवेच, असे आपल्याच मसुद्यात छापले आहे. ते आपल्या कार्यालयाने या भाद्रपदाच्या आत बांधून द्यावे. त्याचा लाभ घेणारी एक भाविक आत आधीपासून राहत आहे. तिला यंदा आरतीला खाली यायचे आहे.

आपला नम्र,
नीळकंठ किबे
(व्यवस्थापक नव्हे)
भोपाळ, दि. १८ जून २०२५

सोबत :
१. हिंदी प्रत.
२. डॉक्टरांचा दाखला.
३. नारळ, एक. पायरीवर सापडलेला, आमचा नसल्याने कार्यालयात जमा.
४. घराचा आजचा फोटो. छतावर शिखर नाही, हे पाहावे. वरच्या खिडकीत दिसते ती मूर्ती नाही, माझी बायको आहे.