डिरेक्टरीत नसलेली माणसं

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याच खात्याचं काम करते आहे, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. मी इथे ओहायोत पीएच.डी. करते. विषय आहे लक्झेंबर्ग हा युरोपातला एवढासा देश, आणि तिथे इंटरनेट नि मोबाईल कसे वाढले ते. तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होता, म्हणून तर मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले ते डिरेक्टरीवरून. सकाळची वेळ, आई भाकऱ्या थापते आहे, आणि ड्यूटीला निघण्यापूर्वी तुम्ही मला मांडीवर घेऊन आडनावांवरून बोट फिरवता आहात. आपलं नाव सापडलं की मला शेंगदाण्यांची मूठ मिळायची.

गल्लीत फोन फक्त आपल्याकडे होता. समोरच्या काकूंच्या लेकीच्या लग्नपत्रिकेवरही आपलाच नंबर छापला होता, पुढे पी.पी. लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, माणसाला बोलावून द्यावं लागेल. एका दुपारी त्या लेकीचा फोन आला, पुण्याहून, बूथवरून. "आईला बोलाव ना जरा." मी रिसीव्हर बाजूला ठेवून आधी डिरेक्टरी उघडली. आपल्या नंबरापुढे तुमचंच नाव होतं, काकूंचं नव्हतं. मी "रॉंग नंबर" म्हणाले आणि फोन ठेवला. सहा वर्षांची होते; वाटलं, आपण खरं तेच सांगितलं. संध्याकाळी तुम्हालाही अभिमानाने सांगितलं. तुम्ही चपला न काढता तसेच उभे राहिलात. "नंबर माझ्या नावावर आहे गं. फोन सगळ्यांचा आहे. जा, काकूंना तूच सांग." मी रडत गेले. काकूंनी हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाल्या, "करेल उद्या परत. पण तू काय माझी वकील आहेस का गं, कागद बघून बोलायला?" दुसऱ्या दिवशी त्या दुपारभर आपल्याकडे मटार सोलत बसल्या. फोन आला. लेकीला दिवस गेले होते. काकूंनी पहिली साखर माझ्या हातावर ठेवली, आणि मला ती गिळवेना.

मागच्या महिन्यात मी तीच चूक परत केली, बाबा. लक्झेंबर्गमधल्या मोबाईल जोडण्यांना तिथल्या रहिवाशांच्या संख्येने भागलं, माणसांपेक्षा फोन जास्त निघाले, आणि त्या प्रगतीचं कौतुक करत मी अख्खं प्रकरण लिहिलं. मग लक्षात आलं, तिथे शेजारच्या देशांतून कितीतरी लोक रोज कामाला येतात. कंपनीने दिलेला फोन खिशात घालून संध्याकाळी सीमेपलीकडे आपापल्या घरी जातात. फोन मोजले होते. ही माणसं माझ्या यादीत नव्हतीच.

माझी रूममेट नागपूरची आहे. ती म्हणाली, "सबमिट कर ना यार. कमिटीत कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना."

"तू गॅस बंद केलाय का तेही तीनदा बघतेस."

दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी गाइडबाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि प्रकरण नव्याने करायला सांगितलं. म्हणजे मे महिन्यात मिळायची ती पदवी आता डिसेंबरात. बाहेर आले तेव्हा पार्किंगमध्ये बर्फ वितळत होता आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मला भूक लागली होती.

तुम्हाला बरं वाटलं असतं, म्हणून इथेच थांबणार होते. पण आईने पदवीदानाला यायला मे महिन्याचं तिकीट काढलं होतं, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. तिला चूक माझी आहे असं सांगता आलं नाही. गाइडबाई आजारी आहेत म्हणाले. तिने तिकीट कॅन्सल केलं, एका शब्दाने कुरकुरली नाही. आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती आधी त्यांचीच चौकशी करते, "बाईंना बरं वाटतंय ना गं आता?" आणि मी म्हणते, हो, थोडं थोडं.