बाबा, फसीख आणि उद्याचं इस्पितळ

रबाबताई,

बाबांनी फसीख खाल्लं. खाल्लं नाही असं समज आणि पुढे वाच.

तू ते खारवलेले मासे बाल्कनीत धुण्याच्या ढिगाखाली, चार पिशव्यांत बांधून लपवलेस. पण वसंताच्या सणाला त्या वासापुढे पिशव्या काय करणार? तू सासूबाईंना आणायला बाहेर पडलीस आणि बाबा थेट ढिगापाशी. मी रक्तदाबाची आठवण करून दिली. "गाढवा, आज अख्खं कैरो खातंय. मी काय नुसता वास घेऊन गावी दमनहूरला परत जाऊ?" असं म्हणून त्यांनी कांद्याच्या पातीसाठी दोरीला बांधलेली करंडी खाली भाजीवाल्याकडे सोडली. पातीबरोबर तळमजल्याच्या उम्म हानीच्या रोट्याही वर आल्या, आणि निरोप : "डॉक्टर लागला तर हाक मारा. मासा उरला तर त्याआधी हाक मारा."

उद्याचं इस्पितळ त्यांना ठाऊक आहे. मी गुपित फोडलं नाही. म्हणाले, "चार दिवस हिंडायला या म्हणणारी पोरगी छातीचे जुने एक्स-रे बरोबर आणा म्हणते होय?" मग बराच वेळ काटे काढत बसले.

आम्ही नाईलकाठी फिरायला गेलोय. गोळ्या माझ्या खिशात आहेत. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण त्यांच्यापुढे रडू नकोस.

तरी उद्याच्या डॉक्टरसाहेबांस विनंती करण्यात येते की, बाबांच्या हृदयाबाबतचा निर्णय पुढच्या वसंतापर्यंत तहकूब ठेवावा, व हीच विनंती दरवर्षी नव्याने मंजूर करावी.

वजदी