माझ्या हृदयाचे पहारेकरी

४ जून
मीठ गायब! टेबलावरची मिठाची बाटली थेट कपाटात, आणि किल्ली हिच्याजवळ. जन्मभर लोकांची अडकलेली कुलपं उघडून दिली मी, आणि माझ्याच घरात माझ्यावर कुलूप!
डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "रक्तवाहिन्या जरा कडक व्हायला लागल्यात. गोळी चुकवू नका, मीठ-तेल कमी करा, रोज चाला." बायकोला तेवढं पुरलं.

५ जून
उठल्याउठल्या कच्चा लसूण. दुकानात गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरून बोलतं.

९ जून
आज मात्र कहर झाला. माझ्या डब्यात अळणी उकडलेला कोबी, वर जवसाची पूड. कानस घासून हात दुखले तरी मी मुकाट्याने गिळला. संध्याकाळी घरी येतो तर काय— बाईसाहेब ओट्यापाशी उभ्याउभ्या तळलेले बटाटे हाणताहेत! शेजारी खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा उघडा.
"अहो, आणलेलं टाकून देऊ का? तुम्हाला चालत नाही, म्हणून संपवतेय."
वर मुलगी म्हणते, "बाबा, आई तुमच्यासाठी किती करते!" करते ना! माझ्या वाटणीचं खाते, तेही करते!

१३ जून
बागेत एकटाच फेऱ्या मारतो. हिला म्हटलं, तूही चल. "मी आले तर दोन-दोन स्वयंपाक कोण करणार? आणि मी काय घरात बसून असते?" बागेत बघावं तर सगळे पुरुषच. सगळे बायकांनी पिटाळलेले. एकमेकांकडे बघून कसनुसं हसतो.

१७ जून
प्रेशर उतरलं! डॉक्टर खूश. "वहिनींची कमाल आहे," म्हणाले. लसूण गिळला मी, शाबासकी वहिनींना! अर्थात पँट सैल झालीय, दमही कमी लागतो, हे खरं. पण हिच्यासमोर कबूल करणार नाही.
येताना जिन्यात हीच मध्ये थांबली. कठडा धरून उभी. "पित्त झालंय," म्हणाली. होणारच! चांगलंच झापलं— आधी ते खारे शेंगदाणे बंद कर. घरात शिरल्याशिरल्या तिने माझी गोळी आणि पाणी पुढे केलं.

२१ जून
काल दुपारी ती ओट्यापाशीच कोसळली. हृदयविकाराचा झटका. शुद्धीवर आहे, पण धोका टळलेला नाही म्हणतात. मला फार भीती वाटतेय.
दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "प्रेशर, कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं होतं?" मी आकडे घडाघडा सांगितले. त्या लिहितालिहिता थांबल्या.
"काका, हे तुमचं झालं. काकूंचं?"
मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.