बॅटरीवाचून सुरू झालेली गाडी

चि. वल्लरी,

मोटारसायकलची बॅटरी तू तांदळाच्या डब्यामागे लपवलीस. तिला मी हात लावलेला नाही, हे आधी पाहून घे आणि मगच भांड. चक्कर एकदाच आली आणि तीही उन्हामुळे, हा माझा मुद्दा कायम आहे.

बॅटरीवाचून ही जुनी गाडी चालणार नाही, असे मी तुझ्या भावाला, शार्दूलला ठणकावले होते, वर "तुला वायरिंगमधले काय कळते?" असेही म्हणालो. त्यावरून तो घर सोडून मुनिरक्याला खोली घेऊन राहू लागला, त्याला आज तीन आठवडे झाले. बॅटरी नाहीशी झाल्यावर मी नाइलाजाने त्यानेच काढलेली आकृती उघडली आणि तीत दाखवल्याप्रमाणे बॅटरीच्या जागी कपॅसिटर जोडला. दुसऱ्याच किकला इंजिन सुरू झाले.

तू ऑफिसातून येईपर्यंत थांबणार होतो. दोनदा बसलो, दोनदा उठलो. चूक फोनवर कबूल केली असती. पण माझा फोन तो उचलत नाही, आणि या गाडीचा आवाज मात्र गल्लीच्या तोंडापासून ओळखतो.

रक्तदाबाची गोळी घेतली आहे. दुसरे हेल्मेट खुंटीवर शोधू नकोस. ते मी सोबत नेले आहे.

बाबा