पाय बघून घेतलेला ट्रायपॉड

आप्पा, मागच्या महिन्यात मी ट्रायपॉड घेतला. कॅमेरा ठेवायची तीन पायांची घोडी. लग्नाच्या हॉलमध्ये मी नवरा-नवरीसमोर उभी करते ती. तुम्ही म्हणाला असता, "घोडी घेतल्याली बातमी मेल्याल्या माणसाला कशाला सांगतीस गं?" सांगते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी तुम्हालाच सांगावं असं वाटतंय, कारण बाकी कुणाला यातलं अर्धंसुद्धा कळायचं नाही.

आपल्या गल्लीच्या टोकाला राहणारी विणकर आक्का आठवतीय ना, तुम्हाला रोज दारातून "जॉबर, च्या घेऊन जावा" म्हणून हाक मारणारी? अख्ख्या गल्लीत हातमाग तिचा एकटीचाच उरला होता. तिच्या लेकानं घर विकायचं ठरवलं. मागावरची साडी झाली की माग मोडायचा. कॉलेजातले एक सर मूळचे धारवाडचे, त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ही शेवटची साडी विणताना तिचं चित्रण करून द्या, कॉलेजात दाखवू. मी लगेच हो म्हटलं. वीस वर्षं लग्नं, मुंजी, बारशी केली. पण आपल्या वडगावचं काम माझ्याकडं चालत आलं ते पहिल्यांदाच. आता गडबडले असते तर आक्काचे हात पुन्हा मागावर दिसले नसते.

आणि पहिल्याच दिवशी गडबडले. माझा जुना ट्रायपॉड हलका, खांद्यावर टाकून दिवसभर फिरायला बरा. दिवसभर चित्रण केलं, खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी सरांनी मोठ्या पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "मॅडम, तिथं भूकंप झाला होता काय?" बघते तर काय, आक्काची बोटं थरथरतायत, फणी थरथरतीय, मागचा दिवासुद्धा थरथरतोय! आक्काच्या दोन्ही भिंतींपलीकडं यंत्रमाग. मी पळत तिच्याकडं गेले. "आक्का, इथं जमीन हलतीय काय गं?" आक्का पायाखाली बघून म्हणाली, "कुठं हलतीय? काय न्हाय बाई." मीही अनवाणी उभी राहिले. मलाही काही जाणवेना. आप्पा, जन्मल्यापासून त्या हादऱ्यात झोपलो, जेवलो, अभ्यास केला. आपल्या लेखी तीच स्थिर जमीन! धारवाडच्या माणसाला जे एका नजरेत दिसलं ते वडगावच्या दोघींना पायाखाली असून कळलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं तर अंगण खरंच नाचत होतं.

शेजारच्या मागवाल्याला म्हटलं, दोन तास बंद ठेवा. तो म्हणाला, "ताई, शनवारी माल द्यायचाय. तुमच्या फोटूसाठी माग बंद ठिवू व्हय?" त्याचं काय चुकलं? आक्काचा तेवढा पदर विणायचा राहिला होता. दोन दिवसांचं काम.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. मी दहा वर्षांची असेन. सुट्टीच्या दिवशी तुम्ही लोकांचे यंत्रमाग दुरुस्त करायला निघालात की तुमची हत्यारांची पिशवी धरून मी मागोमाग यायची. कुणाच्या तरी मागावर धागा सारखा तुटत होता आणि मालक सुताला शिव्या घालत होता. तुम्ही पितळी पेल्यात काठोकाठ पाणी मागितलंत, तो मागाच्या चौकटीवर ठेवलात आणि पाण्याकडं बघत बसलात. मग पालथे पडून मागाचे पाय बघितलेत. मी ऐटीत चौकटीला रेलून उभी. तुम्ही खेकसलात, "हात काढ आदी! सोता हलतीस आन् मागाला दोष देतीस!" सगळ्यांसमोर. मला खूप राग आला. तुम्ही मात्र एका पायाखाली लॉरीच्या टायरचा तुकडा सरकवलात आणि धागा तुटायचा थांबला. माग बिघडला की माणसं जॉबर जॉबर म्हणून तुम्हाला का शोधत यायची, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

तशीच खडेबाजारात गेले. दुकानदारानं सगळ्यात आधी एक चकचकीत ट्रायपॉड काढला. "घ्या मॅडम, लई हलकं. एका बोटानं उचलतंय." मी म्हटलं, "एका बोटानं उचलतंय ते एका बोटानं हलतंय पण की." तो हँडल दाखवतोय, डोकं कसं लोण्यासारखं फिरतं ते दाखवतोय, आणि मी खाली बसून पाय बघतीय. पाच-पाच नळ्या एकात एक घातलेल्या, शेवटची करंगळीएवढी. पूर्ण उंच केला, वरून दाबून पिळलं, तर बिचारा कमरेत मुरडला. दुसऱ्याची उंची सगळी मधल्या दांड्यावर, म्हणजे पाय धड आणि मान लटपटती. तिसरा जाड पायांचा, पायाला तीनच नळ्या, खाली रुंद रबर, मध्ये वजन अडकवायला हूक. उचलताना खांद्यातून कळ आली. मी पेलाभर पाणी मागितलं. "तहान लागली काय मॅडम?" "मला न्हाय, ट्रायपॉडला पाजायचंय!" दुकानातली माणसं बघायला लागली. पेला वर ठेवला आणि लाकडी फळ्यांवर पाय आपटला. चकचकीतावर पाणी किती वेळ थरथरत राहिलं. जाड्यावर एकदा हललं आणि गप्प झालं. दुकानदार मला म्हणतो, "हे कुठं शिकलासा?" मी जाड्याचे पैसे मोजायला घेतले.

पदराच्या दिवशी आक्काच्या घरात तो उभा केला. मधला दांडा वर काढलाच नाही. तिन्ही पायांखाली टायरचे तुकडे, हुकाला विटांची पिशवी. आक्का म्हणाली, "लई जड दिसतीय गं तुझी घोडी, जॉबरावाणी घट्ट." पेला ठेवला, तर पाणी अजून थरथरतंय. पाय तपासले, रबर तपासलं. मग दिसलं, माझा हात हँडलवरच होता. काढला. पाणी थांबलं. दोन्ही बाजूंना माग दणदणतायत आणि पडद्यावर आक्काची बोटं अशी, की धागा न् धागा मोजावा. पदराचा शेवटचा आडवा धागा टाकून तिनं हात मांडीवर ठेवले, तोवर मी कॅमेऱ्याला शिवले नाही. आप्पा, एवढं नीट काम मी आयुष्यात केलेलं नाही. स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोण सांगणार तुम्हाला? "फोटू काढून पोट भरतंय व्हय गं?" असं तुम्ही विचारायचात. भरलंय की. आणि नुसतं पोट नाही.

कॉलेजात दाखवलं तेव्हा आक्का पहिल्या रांगेत होती. मध्येच मोठ्यानं म्हणाली, "माझं हात असं चालत्यात व्हय?" सगळा हॉल हसला आणि तिनं डोळ्याला पदर लावला. मग सरांनी मला वर बोलावून हातात माईक दिला आणि विचारलं, "इतकं स्थिर काम! तुमचे गुरू कोण?" तोंडावर आलं होतं, आप्पा. पण समोर प्राध्यापक, वकील, इंग्रजी बोलणाऱ्या मुली. जॉबर म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर आपला बाप तेलकट हातानं मागाखाली पालथा पडायचा हे सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "गुरू कुणी नाही, माझी मीच शिकले." बाईमाणूस एकटीच शिकली म्हटल्यावर टाळ्या थांबेनात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी करून कपाटात ठेवते. अभिमान खूप आहे, माझाही आणि तुमचाही. पण त्या टाळ्या, आप्पा, मी एकटीनंच घेतल्या.