वापरणारी एक आहे

३ मार्च

पडदा काळा. रुग्णालयाने सांगितलं म्हणून कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सची नवी आवृत्ती घातली, आणि बुटांसाठी पायांचे साचे दाखवणारं मशीन आंधळं झालं. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, चित्र नाही. जुनी आवृत्ती परत घातली — सगळं ठणठणीत. पण १ एप्रिलपासून जुन्या आवृत्तीवरून पाठवलेलं काहीच ते घेणार नाहीत. सुरक्षेचा नियम. आणि आमच्याकडचे निम्म्याहून जास्त पाय तिथूनच येतात!

४ मार्च

कॉम्प्युटरवाला म्हणाला, "ताई, ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालं. नव्या आवृत्तीत त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, चालत नाही. नवं कार्ड घ्या." नव्या कार्डावर साचे फिरवणारा प्रोग्राम चालत नाही, आणि तो लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडली. हे त्याला तीनदा सांगितलं. त्याने तीनदा मान हलवली.

दादा मात्र खूश. बुटांचं हे काम बंद करून त्याला जागा भाड्याने द्यायचीच आहे. "बघ, आता मशीनच नको म्हणतंय." मशीन काही म्हणत नाहीये. दादा म्हणतोय.

६ मार्च

शोधत शोधत ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या आपसातल्या पत्रांपर्यंत पोचले. त्यांच्यात एक पद्धत आहे — जुनं काही काढण्याआधी सगळ्यांना विचारतात. आमच्या कार्डाबद्दल विचारूनही झालंय! "हे कुणी वापरतं का? चार वर्षांत एकही तक्रार नाही. उत्तर आलं नाही तर पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो." उत्तरं शून्य. अरे, ज्याचं नीट चालतंय तो कशाला तक्रार करेल? मी काय रोज सकाळी कळवू, की आजही पडदा लागला म्हणून?

हे विचारणाऱ्या माणसाचं नाव मी कात्रीवाला ठेवलंय. त्याला उत्तर पाठवलं. "मी वापरते. रोज. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत त्यांच्यासाठी बूट करते." पाठवलं तेही रागाने.

७ मार्च

कात्रीवाला लिहितो — "नव्या आवृत्तीत ते चालतच नाही. नेमक्या कुठल्या बदलाने बिघडलं ते शोधून द्या, नाहीतर काढावं लागेल." कसं शोधायचं ते मात्र दोन पानं भरून सांगितलंय. देते शोधून!

१० मार्च

रीत अशी: चालणाऱ्या आणि बिघडलेल्या आवृत्त्यांच्या मधे आठ हजार बदल. त्यातले पहिले निम्मे घालायचे, सगळं पुन्हा तयार करायचं, मशीन चालू करायचं. पडदा लागला तर दोष उरलेल्या निम्म्यात. मग त्याचे निम्मे. एका खेपेला चार तास. तेवढ्यात एका बुटाचा तळ शिवून होतो.

१२ मार्च

पाचवी खेप. काळा.

१५ मार्च

पोस्टातल्या बाई माप द्यायला आल्या. डावा पाय सव्वा इंच आखूड, आणि दिवसभर खिडकीपाशी उभं राहायचं काम. दादा त्यांना सांगायला लागला, की हा बहुतेक शेवटचा जोड. मी आतून म्हटलं, "शेवटचा वगैरे काही नाही, दादा." बाई म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षीचंही आत्ताच सांगून ठेवते."

१८ मार्च

सापडला! तेराव्या खेपेला. कुणीतरी सगळ्या ड्रायव्हरांची एकदम साफसफाई केली, त्यात आमच्या कार्डाची एक ओळ केरात गेली. एकच ओळ! ती परत घातली, पडदा लागला. पोस्टातल्या बाईंचा पाय चारही बाजूंनी फिरवून बघितला, उगाचच.

कात्रीवाल्याला कळवलं. वर हेही लिहिलं, की काढायच्या गोष्टी करण्याआधी स्वतः एकदा कार्ड लावून बघायला काय झालं होतं?

२१ मार्च

त्याचं उत्तर आलं. ओळ मान्य, महिनाअखेरीच्या आत नव्या आवृत्तीत येईल. पुढे लिहितो — हा ड्रायव्हर एकवीस वर्षांपूर्वी त्यानेच लिहिला. त्याच्याकडचं कार्ड सहा वर्षांपूर्वी जळलं, दुसरं मिळालं नाही, तेव्हापासून अंदाजाने सांभाळतोय. आता डोळे साथ देत नाहीत. "माझ्यामागे हे बेवारस पडू नये म्हणून मीच काढत होतो. सांभाळणारी म्हणून तुमचं नाव घालू का?"

माझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य आठवून कान तापले. मला यातलं काही येत नाही असं लिहिलं, आणि पुसलं. मग "घाला" एवढंच कळवलं. दादाला विचारलं नाही.